व्यवसायाच्या रकान्यातली रेघ

लीड्समध्ये ब्रिगेट नावाचा हमरस्ता आहे. दोन्ही अंगांना मोठमोठी दुकानं, मधे दिवसभर माणसांची वर्दळ. या दुकानांच्या रांगेतून मधूनच एखादा बोळ आत शिरतो, इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. अशाच एका बोळाच्या, स्वान स्ट्रीटच्या तोंडाशी माझ्या विहीणबाई थांबल्या. भिंतीच्या जुन्या विटांवर तळहात टेकवून म्हणाल्या, "म्हणजे ती इथूनच आत गेली असणार. हातात पेटी घेऊन, एकटी."

ती म्हणजे त्यांची पणजी. आणि बोळाच्या आत आहे ते 'सिटी व्हरायटीज', १८६५ साली उघडलेलं आणि अजून चालू असलेलं म्युझिक हॉल, म्हणजे गाणी, विनोद आणि कसरतींचं नाट्यगृह.

माझा मुलगा लीड्सला असतो. सून इथलीच, यॉर्कशायरची. विहीणबाई जवळजवळ माझ्याच वयाच्या. मी त्यांना नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह होता, पण सांगलीत वाढलेल्या माझ्या जिभेला ते जमेना. मग विहीण म्हणजे कोण, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मुलाच्या सासूला आणि मुलीच्या सासूला एकमेकींसाठी इंग्रजीत शब्दच नाही, याची त्यांना खंत वाटली. तेव्हापासून त्याही मला 'विहीणबाई'च म्हणतात.

त्यांची आई गेली आणि घर आवरायला काढलं, तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक फोटो सापडला. पिसांची मोठी टोपी घातलेली, कमरेवर हात ठेवून सरळ डोळ्यांत बघणारी एक तरुण मुलगी. खाली वळणदार सही, पण सहीतलं नाव घरात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. फोटो उलटा केला तर मागे पेन्सिलीने, आईच्या अक्षरात, तीनच शब्द: आजी, लग्नाच्या आधी.

पणजीबद्दल विहीणबाईंना आजवर एवढंच ठाऊक होतं की ती मेथडिस्ट पंथाच्या चॅपेलात दर रविवारी गायची, तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा आणि यॉर्कशायर पुडिंग तिच्यासारखं कुणाला जमत नसे. तिच्या लग्नाचा दाखला त्यांनी मागवला. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद आहे, आणि पैसे भरले की नक्कल घरपोच येते. त्यात नवऱ्याचा व्यवसाय आहे, नवऱ्याच्या बापाचा आहे, नवरीच्या बापाचा आहे. नवरीच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात शाईची एक आडवी रेघ आहे.

ती रेघ पाहिली आणि मला आमच्या घरचं पुस्तक आठवलं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. कोण मामलेदार झाले, कोण मुंबईला वकील झाले, कुणाला किती मुलगे, सगळं त्यात आहे. माझ्या पणजोबांच्या नावापुढे जन्मसाल आहे, गाव आहे आणि पुढे अशीच एक रेघ. पणजोबा पंधराव्या वर्षी घरातून पळून एका संगीत नाटक मंडळीत गेले आणि वीस वर्षं तिथे तबला वाजवत होते. हे मला आजीने सांगितलं, तेही मी लग्न होऊन सासरी निघाले तेव्हा. घरात त्यांचं नाव घेणं बंद झालं होतं. त्यांचा तांब्याचा डग्गा मात्र माळ्यावर राहिला. लहानपणी आम्ही त्यात चिंचोके ठेवायचो.

सांगलीसारख्या गावात हे व्हावं याचं मला आजही वाईट वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते इथेच, राजाश्रयाने. गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतं. पण नाटक गावचं भूषण असलं तरी नाटकवाला घरात नको होता. त्यात आम्ही बायका, म्हणजे कुलवृत्तांतात आमच्या नावापुढे रेघसुद्धा नाही. सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागात हेळवी येतात, चोपड्या उघडून शेतकरी घराण्यांच्या पिढ्यान् पिढ्या सांगतात. त्या चोपड्यांत तरी असा एखादा पळून गेलेला मुलगा सापडतो का, हे कुणीतरी बसून बघायला हवं.

तर आम्ही दोघींनी ठरवलं, आधी त्यांची रेघ भरून काढायची.

शहराचं मध्यवर्ती ग्रंथालय कॅल्व्हर्ली स्ट्रीटवर आहे. १८८४ साली उघडलेली ही दगडी इमारत जॉर्ज कॉर्सन यांनी बांधली. शहरातलं ग्रँड थिएटर, १८७८चं, तेही त्यांचंच. खाली जुनं वाचनालय होतं त्या दालनात आता कॉफी मिळते. खांब, कमानी, छत, सगळं रंगीत फरशांनी मढवलेलं. वर स्थानिक आणि कौटुंबिक इतिहासाचा विभाग. तिथे म्हातारीकोतारी माणसं पडद्यांपुढे बसून आपापले पूर्वज शोधत असतात. कुणी बोलत नाही. मधेच कुणाचा तरी श्वास अडकल्यासारखा आवाज येतो, की समजायचं, सापडलं.

इथल्या जनगणनेचे जुने कागद जसेच्या तसे बघायला मिळतात. १८४१ पासून दर दहा वर्षांनी, घर कुठलं, माणसं कोण, वय काय, धंदा काय. नियम असा की त्या रात्री ज्या छताखाली जो झोपला, त्या घरात त्याची नोंद. ५ एप्रिल १८९१च्या पानावर विहीणबाईंची पणजी आम्हाला सापडली. लीड्समध्येच, पण आईबापांच्या घरी नाही. एका बाईच्या खानावळवजा बिऱ्हाडात, भाडेकरू म्हणून. वय १९. त्याच छताखाली दोन कसरतपटू भाऊ आणि एक विनोदी नट. आणि पणजीच्या नावापुढे, व्यवसायाच्या रकान्यात, सरकारी माणसाच्या घाईच्या अक्षरात एकच शब्द: गायिका.

विहीणबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पण ते तिचं खरं नाव. फोटोवरचं नाव वेगळं. दोन्ही एकच, याला पुरावा काय? त्यासाठी 'द इरा' चाळायचा. नाटक आणि म्युझिक हॉलवाल्यांचं हे साप्ताहिक १८३८ ते १९३९ अशी शंभर वर्षं निघत होतं. बारीक टायपातली पानंच्या पानं, आणि त्यात कलावंतांच्या स्वतःच्या छोट्या जाहिराती: अमुक कुमारी, थोडं गंभीर आणि थोडं मिश्कील गाणाऱ्या, या आठवड्यात कुठे, पुढे कुठे, तारखा रिकाम्या आहेत. फिरत्या माणसाचा तो ठावठिकाणाच. फोटोवरचं नाव आम्हाला मिळालं, पण ४ एप्रिलच्या अंकात ते हल शहरातल्या एका हॉलच्या वृत्तान्तात होतं. ती लीड्समध्ये नव्हतीच. आमचे चेहरे पडले.

तिथल्या ग्रंथपालबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. तारीख पाहून म्हणाल्या, "हा वार कुठला होता, बघितलंत का?"

रविवार. जनगणना नेहमी रविवारच्या रात्रीची असे. आणि म्युझिक हॉलचा आठवडा सोमवार ते शनिवार. रविवारी खेळाला बंदी, म्हणून तो प्रवासाचा दिवस. शनिवारी रात्री एका गावचा शेवटचा खेळ, रविवारी आगगाडी, रात्री नव्या गावात नवं बिऱ्हाड, सोमवारी नवे श्रोते. इंग्लंडभरचे कलावंत रविवारी क्रू जंक्शनवर गाड्या बदलताना एकमेकांना भेटत. फलाटावर वेताच्या पेट्यांचे ढीग लागत. म्हणजे त्या रात्री ती लीड्समध्ये झोपली ती दुसऱ्या दिवशी इथे गायची म्हणून. आम्ही ११ एप्रिलचा अंक उघडला. लीड्सच्या त्या बोळातल्या हॉलच्या वृत्तान्तात, कसरतपटू भावांच्या शेजारी, फोटोवरचं नाव होतं. त्यांचं गाणं पसंतीस उतरलं, अशा अर्थाची दीड ओळ. दोन कागद एकमेकांवर बरोबर बसले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. विहीणबाईंची तशी इच्छा आहे.

एकोणीस वर्षांची मुलगी, एकटी, रविवारच्या गाडीत. माझं मन तिथेच घुटमळलं. आमच्याकडे नाटक कंपनी म्हणजे एक मोठं एकत्र कुटुंब. मालक, नट, वाजवणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, सगळ्यांचं बिऱ्हाड एक आणि पंगत एक. पणजोबा घर सोडून गेले तरी पानावर वाढायला कुणीतरी होतं. या मुलीला दर सोमवारी अनोळखी वाद्यवृंदापुढे आपल्या गाण्याचे कागद ठेवायचे, काही मिनिटांत समोरचा दारू पिणारा घोळका जिंकायचा आणि पुन्हा पेटी बांधायची. याच वर्षी आपल्याकडे संमतीवयाच्या कायद्यावरून रान उठलं होतं, आणि रखमाबाई लंडनमध्ये डॉक्टरकीचा अभ्यास करत होत्या. त्याही परक्या मुलखात एकट्याच होत्या. दोघींची भेट होण्याचं काही कारण नव्हतं, तरी १८९१ म्हटलं की आता मला दोघी एकदम आठवतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोळातून आत गेलो. चार्ल्स थॉर्नटन हा व्हाइट स्वान या सरायीचा मालक. सरायीत गाण्याची खोली होती, त्या जागी त्याने हे हॉल बांधलं आणि 'थॉर्नटनचं नवं म्युझिक हॉल आणि फॅशनेबल लाउंज' असं भारदस्त नाव दिलं. सगळीकडे असंच घडत होतं. लंडनला लँबेथमध्ये चार्ल्स मॉर्टनने १८५२ साली आपल्या पबशेजारी 'कँटरबरी' काढलं, तेव्हापासून पबवाल्यांनी गावोगाव हॉलं उभारली. आधी टेबलं मांडलेली असत, लोक खातपीत गाणी ऐकत, आणि अध्यक्ष नावाचा गृहस्थ हातोडी आपटून पुढच्या कलावंताची ओळख करून देई. थॉर्नटनने पुढे ब्रिगेटवरच एक छत असलेली दुकानगल्लीही बांधली. तिच्यातल्या घड्याळाचे ठोके रॉबिन हूड आणि इतर पुतळे देतात. माझा नातू त्यासाठी हट्ट धरून थांबतो.

आत पाऊल टाकलं आणि मला सगळ्यात आधी जाणवली ती जवळीक. लांबट, अरुंद दालन. तिन्ही बाजूंनी वर दोन सज्जे, लाल मखमल, सोनेरी नक्षी. आज इथे पाचशेच्या आतच माणसं बसतात. सज्जातून खाली बघितलं तर रंगमंचावरच्या माणसाच्या भुवया दिसाव्यात. इथे लहानपणी चार्ली चॅप्लिन लँकशायरच्या आठ पोरांच्या ताफ्यात नाचून गेला. हुडिनी येऊन गेला. ध्वनिवर्धक नव्हता. वरच्या सज्जात मागे उभ्या असलेल्या गिरणी कामगारापर्यंत शब्द पोचवायचा तो छातीच्या जोरावर. चॅपेलातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज कुठे कमावला होता, ते आम्हाला तिथे उभं राहून कळलं.

विहीणबाई एका खुर्चीवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आई इथे येऊन गेली होती."

बीबीसीने १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं याच हॉलमधून 'द गुड ओल्ड डेज' नावाचा कार्यक्रम दाखवला. जुनी म्युझिक हॉलची गाणी, जुने खेळ, आणि प्रेक्षकांनीही जुन्या काळचे कपडे घालून यायचं. तिकिटांसाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघत. विहीणबाई लहान असताना त्यांच्या आईचा नंबर लागला. आईने आठवडाभर शिवणयंत्रावर बसून पोशाख केला. टोपीला पिसं लावली. "मोठी टोपी होती," त्या म्हणाल्या. "एका बाजूला झुकलेली." त्यांनी पिशवीतून फोटो काढला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तीच टोपी.

म्हणजे आईला ठाऊक होतं. फोटो समोर ठेवून तिने ती टोपी बेतली, जिथे आजी गायली त्याच हॉलमध्ये ती घालून बसली, सगळ्यांबरोबर गाणी म्हटली, आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही.

हे बोलणं अवघड का झालं होतं, त्याची कल्पना मला त्या काळाबद्दल वाचून आली. १८९४ साली लंडनच्या एम्पायर थिएटरच्या परवान्यावरून श्रीमती ऑर्मिस्टन चँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं रण माजवलं, तिथल्या सज्जात वाईट चालीच्या बायका फिरतात म्हणून. कुणी सभ्यतेसाठी लढत होतं हे खरं, पण त्याचा डाग बसला तो रंगमंचावर कष्ट करून गाणाऱ्या प्रत्येकीवर. आपल्याकडे तमाशातल्या बाईच्या वाट्याला जे आलं, तेच. पवळाबाई हिवरगावकरणीने पठ्ठे बापूरावांच्या फडात जे उभं केलं त्याला लोकांनी गर्दी केली, पण मान द्यायची वेळ आली की हात आखडला.

मी विहीणबाईंना बालगंधर्वांबद्दल सांगितलं. १९०५ साली आमच्या शेजारच्या मिरजेत किर्लोस्कर मंडळीत ते शकुंतला म्हणून उभे राहिले, आणि पुढे त्यांचं नेसणं बघून घराघरांतल्या बायका नेसू लागल्या. त्यांनी मला व्हेस्टा टिलीबद्दल सांगितलं. वूस्टरला १८६४ साली जन्मलेली ही बाई पुरुषाच्या वेषात गायची, आणि तिच्या कोटाची काट बघून पुरुष आपले कोट शिवून घेत. १९१२ साली राजाराणीपुढे म्युझिक हॉलचा पहिला खास खेळ झाला, तेव्हा विजारीतली बाई बघून राणी मेरीने तोंड फिरवलं, असं सांगतात. व्हेस्टा टिली १९२० साली निवृत्त झाली तेव्हा ती लेडी डी फ्रीस होती. नवऱ्याला सर ही पदवी मिळाली होती.

मग मी विचारलं, गाणं आवडलं की तुमचे लोक काय ओरडत? त्या म्हणाल्या, 'आँकोर'. तो शब्द फ्रेंच. आमच्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकांनी मात्र खास इंग्रजी 'वन्स मोअर' उचलला आणि इतका आपलासा केला की त्याला मराठी क्रियापदं लागतात, वन्समोअर घेतला, वन्समोअर मिळाले. विहीणबाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी रिकाम्या रंगमंचाकडे बघून मोठ्याने "वन्स मोअर!" म्हटलं. सज्जातून आवाज परत आला.

फ्रँक मॅचमने १८९८ साली ब्रिगेटवर बांधलेलं 'एम्पायर पॅलेस' बघायला गेलो, तर तिथे आता दुकान आहे. १९६१ साली ते बंद पडलं आणि पुढे पाडलं गेलं. त्याच्याच बरोबर उभारलेली काउंटी आर्केड तेवढी शिल्लक आहे, तिचे संगमरवरी खांब आणि घुमट बघत आम्ही परतलो.

परतीच्या आधी मी लंडनला दोन दिवस होते. टॉवरच्या पूर्वेला ग्रेसेस ॲली नावाच्या बोळात 'विल्टन्स' आहे. जॉन विल्टनचं हे हॉल १८५९ साली उघडलं. पीळ दिलेल्या बारीक लोखंडी खांबांवर सज्जा, भिंतींचे पोपडे मुद्दाम तसेच राखलेले. १८८८ साली मेथडिस्ट लोकांनी ते घेतलं आणि गाण्याच्या जागी प्रार्थना सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी गोदी कामगारांचा मोठा संप झाला, तेव्हा इथून रोज दोन हजार जेवणं दिली गेली. १९५६ पर्यंत ते मेथडिस्टांकडे होतं. पुढे ते पाडायचं घाटत होतं, तेव्हा जॉन बेट्जमन या कवीने आणि इतरांनी आवाज उठवून वाचवलं. १९९७ साली तिथे पुन्हा खेळ झाला. प्रार्थनेने जवळजवळ सत्तर वर्षं सांभाळलं म्हणून ते हॉल आज उभं आहे. मी तिथूनच विहीणबाईंना फोन केला. त्यांची पणजीही लग्नानंतर चॅपेलात गेली होती. आवाज तिने तिथे जपला.

सांगलीला आल्यावर मी माळ्यावरून डग्गा खाली काढला. चिंचेने घासला. पुडी फाटली आहे, पण तांब्याला एकही पोचा नाही. मिरजेत एक कारागीर नवी पुडी चढवून देतो म्हणाला. कुलवृत्तांताचं ते पान उघडून पणजोबांच्या नावापुढे मी लिहिलं: तबलजी, संगीत नाटक मंडळी. लीड्सच्या घरी नातवासाठी जी वंशावळ भिंतीवर लावली आहे, तिच्यात एका फांदीवर तबलजी आहे आणि दुसरीवर गायिका.

तुमच्याही घरात असा कुणी असेल. कंपनीत पळालेला, फडावर पेटी वाजवणारा, मेळ्यात गाणारी. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला या आठवड्यात विचारा. हँडबिल, पदक, करारपत्र, फोटो, काहीही निघालं तर टाकू नका. मागच्या बाजूला नाव आणि नातं लिहून ठेवा. पेन्सिलीने लिहिलं तरी चालेल.